मॉकिंगबर्ड वाचताना नजर अ‍ॅटिकसवरून थोडी बाजूला घ्या

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी वाचायला घेतली, पन्नास-साठ पानं झाली आणि बाजूला पडली, असं सांगणारे बरेच जण भेटतात. त्यांचंही फार चुकत नाही म्हणा, कारण पुस्तकात एकूण ३१ प्रकरणं आहेत आणि ज्या खटल्यामुळे ते जगभर माहितीये (टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप, आणि त्याचा वकील गोरा अ‍ॅटिकस फिंच) तो सुरू होतो १७व्यात आणि २१व्यात संपूनही जातो. त्याआधी काय तर अ‍ॅटिकसची पोरं स्काउट आणि जेम ही बहीणभावंडं, उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारा थापाड्या डिल, आणि शेजारच्या बंद घरातल्या बू रॅडलीला कसं बाहेर काढायचं याचे उद्योग.

ही पानं गाळू नका. ती गोड वाटतात खरी, पण तिथेच गावाचा नकाशा तयार होत असतो, म्हणून एक कागद घ्या आणि मेकॉम्बमध्ये, म्हणजे गोष्टीतल्या त्या काल्पनिक गावात, कोण कुणाच्या वर ते लिहीत चला. फिंच वगैरे घरंदाज लोक वर, मग कर्जात बुडालेले पण उधारी ठेवायची नाही म्हणणारे कनिंगहॅम, मग गावाच्या उकिरड्यामागे राहणारे युएल, आणि सगळ्यांच्या खाली काळी माणसं. पुढे जेम स्वतःच ही उतरंड बहिणीला समजावून सांगतो. आख्खा खटला या हिशोबावर उभा आहे: मायेलाच्या बापाला, बॉब युएलला, गावात कुणी दारात उभं करत नाही, पण साक्षीला उभा राहिला की त्याचा शब्द टॉम रॉबिन्सनच्या शब्दापेक्षा जड. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर कोर्टाचा भाग नुसती वकिलीची जुगलबंदी वाटतो.

दुसरं म्हणजे दोन तारखा वेगळ्या ठेवा. गोष्ट घडते १९३३ ते १९३५ मध्ये, अलाबामात, महामंदीच्या काळात. पुस्तक आलं १९६० मध्ये. मधल्या काळात १९५४ ला सुप्रीम कोर्टाने शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची विभागणी बेकायदा ठरवली, १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाला मारून टाकलं आणि मारणारे सगळ्या गोऱ्या ज्युरीने सोडून दिले, त्याच डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्यांचा बस बहिष्कार सुरू झाला. हार्पर ली याच अलाबामातल्या मनरोव्हिलच्या, हे सगळं चालू असताना त्या वीस वर्षांपूर्वीचं गाव लिहीत होत्या. म्हणजे वाचणाऱ्याला १९६० मध्ये हे जुनं काही वाटलं नसणार, पेपरात रोज तेच होतं.

आणि १९३० च्या दशकाचं बोलायचं तर स्कॉट्सबरोची केस आधी थोडी वाचून घ्या, फार नाही, अर्धा तास पुरे. १९३१ मध्ये अलाबामातच मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या बायकांवर बलात्कार केल्याचा आरोप आला, काही दिवसांत खटले उरकले आणि आठ जणांना मृत्युदंड. पुढे १९३३ मध्ये जेम्स हॉर्टन या जजने पुरावा बघून त्यातल्या एकाची शिक्षा रद्द केली, तर पुढच्या वर्षी निवडणुकीत त्याची खुर्चीच गेली. म्हणजे नीट वागणाऱ्या गोऱ्या माणसाला काय भोगावं लागायचं ते बघा, आणि मग ज्यांच्यावर आरोप होता त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. १९३५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने याच केसमध्ये सांगितलं की काळ्यांना ज्युरीच्या यादीतून पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य आहे. टॉमचा खटला त्याच उन्हाळ्यातला, आणि तिथे ज्युरीत बारापैकी बारा गोरे पुरुष. बायकाही नाहीत, अलाबामात बायका ज्युरीत बसायला १९६६ उजाडावं लागलं.

आता कोर्टाची प्रकरणं. इथे माझा सल्ला असा की पहिल्यांदा सलग वाचा, रात्र झाली तरी थांबू नका, आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा. पहिल्या वेळी तुम्ही अ‍ॅटिकसच्या प्रेमात पडणार, पडा, सगळेच पडतात. मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार, बॉब युएल डावखुरा, टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या मशीनमध्ये अडकून निकामी झालेला, डॉक्टरला कुणी बोलावलंच नाही, हे सगळं तो शांतपणे एकेक करून मांडतो तेव्हा मजा येतेच.

दुसऱ्या वेळी मात्र टॉम बोलतो तेवढीच पानं वाचा. सावकाश वाचा. मायेलाने वर्षभर नाणी साठवून सातही भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवलं होतं, हे त्याच्या साक्षीतूनच कळतं, आणि मायेला किती एकटी असेल हे तुम्हाला तिच्याकडून नाही तर ज्याला ती फासावर चढवायला निघालीय त्याच्याकडून कळतं. मग सरकारी वकील विचारतो की एवढी फुकट कामं का करायचास, आणि टॉम म्हणतो की मला तिची दया आली. इथे थांबा. पुरावा कधीच टॉमच्या बाजूने झालेला असतो, पण काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची म्हणजे उतरंड उलटी केल्यासारखं झालं. माझ्या मते तो तिथेच हरतो, ज्युरी आत जायच्या कितीतरी आधी.

कोण कुठे बसलंय याचंही चित्र काढून बघा. काळी माणसं वर बाल्कनीत, फिंचांची पोरंही तिथेच काळ्यांच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड साइक्स यांच्याशेजारी. निकालानंतर अ‍ॅटिकस बाहेर जायला निघतो आणि बाल्कनीतले सगळे उठून उभे राहतात, स्काउटलाही उभं राहायला सांगतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडलो होतो. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की टॉम कोर्टातून गेला कधी, त्याच्या बायकोला कोण काय म्हणालं, बाल्कनीतल्या एकालाही त्या रात्री काय वाटलं, यातलं आपल्याला काहीही दिसत नाही, आपण अजून अ‍ॅटिकसच्या पाठीकडेच बघतोय. ही पुस्तकावरची जुनी आणि रास्त तक्रार आहे. पण निवेदक स्काउट ही आठ वर्षांची गोरी पोरगी आहे हेही खरं, आणि तिला जे दिसत नाही ते हेरणं हे वाचणाऱ्याचं काम.

त्यासाठी २४वं प्रकरण बेस्ट आहे. घरात बायकांचा चहा चाललाय, आफ्रिकेतल्या कुठल्यातरी जमातीसाठी त्या हळहळतायत आणि त्याच दमात आपल्या काळ्या मोलकरणी निकालानंतर तोंड पाडून फिरतात म्हणून कुरकुरतायत. तेवढ्यात अ‍ॅटिकस येऊन स्वयंपाकघरात सांगतो की टॉम गेला, तुरुंगाच्या कुंपणावर चढताना गार्डांनी गोळ्या घातल्या. सतरा गोळ्या. कुठलाही प्रसंग समोर घडत नाही, जे कळतं ते गार्डांनी सांगितलेलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मग अ‍ॅटिकस घरच्या काळ्या स्वयंपाकीणबाईला, कॅलपर्नियाला, घेऊन टॉमच्या बायकोकडे जातो, आणि इकडे कुकीज परत फिरवायला सुरुवात होते.

शिव्यांबद्दल एवढंच की काळ्या लोकांसाठीचा तो घाण शब्द पानोपानी येतो, स्काउटच्या तोंडीही, शाळेत सगळेच म्हणतात म्हणून. ग्रुपमध्ये मोठ्याने वाचणार असाल तर तो शब्द म्हणायचा की गाळायचा हे आधीच ठरवून घ्या, ऐन वेळी अडखळू नका. बोलीभाषेतली इंग्रजी जड गेली तर मनात वाचण्याऐवजी ओठ हलवून वाचा, अर्धं तिथेच सुटतं.

बू रॅडलीवर मी मुद्दामच फार बोलत नाहीये, तो भाग आपोआप कळतो.

पुस्तक संपलं की लगेच २०१५ मध्ये आलेलं 'गो सेट अ वॉचमन' उचलू नका. त्यातला म्हातारा अ‍ॅटिकस वंशभेदाची बाजू घेतो आणि तुमचा मूड जाईल, ते महिन्याभराने वाचा. त्याऐवजी मिल्ड्रेड टेलर यांचं १९७६ चं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' घ्या. लहान मुलांचं पुस्तक म्हणून ठेवलेलं असतं, त्याला भुलू नका. तेच १९३३ साल, शेजारचं मिसिसिपी, पुन्हा एक लहान मुलगीच सांगतेय, फक्त ही कॅसी लोगन काळी आहे. मेकॉम्बमधली काळी मुलं कुठल्या शाळेत जातात हे आपल्याला दिसतच नाही. इथे सुरुवातीलाच ती भावंडं पायी शाळेला निघालेली असतात आणि गोऱ्या मुलांची बस अंगावर धूळ उडवत जाते.