पहिल्या पिस्तूल क्लासला जाताय? सामान अंगावर काय घालायचं आणि बॅगेत काय ठेवायचं

टेक्सासमध्ये राहायला आलं की चार-पाच वर्षांत ओळखीतलं कोणी ना कोणी पिस्तूल शिकायला जातंच, आणि मग फोन येतो की अरे होल्स्टर कुठलं घेऊ, तो छातीवर बांधायचा पट्टा घेऊ का, बॅग मोठी पाहिजे का. बहुतेक जण क्लासची फी भरायच्या आधीच दोन-तीनशे डॉलरची खरेदी करून बसलेले असतात आणि त्यातलं निम्मं सामान क्लासमध्ये चालत नाही. माझं मत सरळ आहे, पहिल्या क्लासला अंगावर तीनच गोष्टी हव्यात: कडक बेल्ट, तुमच्याच पिस्तूलसाठी बनलेलं होल्स्टर (म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान), आणि दोन मॅगझिनचा (गोळ्या भरून पिस्तूलच्या मुठीत सरकवायची डबी) पाऊच. बाकी सगळं बॅगेत.

सगळ्यात आधी व्हिसा बघा

हे कोणी सांगत नाही म्हणून आधीच लिहितोय. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे त्यात आले. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ वैध शिकारीचं लायसन्स असेल तर, पण तेवढ्यावर विसंबून स्वतःच अर्थ लावत बसू नका, वकिलाला विचारा, ग्रीन कार्डच्या लायनीत असाल तर नक्कीच विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची आडकाठी नाही. आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत म्हणून त्यांना गंमत म्हणून रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देऊ नका, त्यात ते पण अडकू शकतात आणि देणारे तुम्ही पण.

क्लासची लिस्ट नीट वाचा, मग पाकीट काढा

"बिगिनर" हा शब्द दोन अगदी वेगळ्या क्लासना लावतात. एक असतो अगदी ओळखीचा, म्हणजे एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन, बंदूकवाल्यांची अमेरिकेतली संघटना) बेसिक पिस्तूल कोर्सच्या धर्तीवरचा, त्यात पिस्तूल समोरच्या टेबलावर असतं, तुम्ही उचलता, झाडता, परत ठेवता. त्याला होल्स्टर लागतच नाही बऱ्याचदा, पिस्तूल पण तेच देतात. दुसरा असतो डिफेन्सिव्ह हँडगनची पहिली पातळी वगैरे नावाचा, त्यात कमरेवरून पिस्तूल काढणं, परत ठेवणं, मॅगझिन बदलणं हेच शिकवतात आणि तिथे अंगावरच्या सामानाचा प्रश्न येतो. तुमचा पहिल्या प्रकारचा असेल तर खालचे बेल्ट-होल्स्टरचे भाग सोडून थेट बॅगेवर या, पैसे वाचले.

लिस्टमध्ये काय चालत नाही ते आधी बघा. खांद्यातून बगलेत अडकवायचं होल्स्टर, पाठीच्या मणक्यावरचं, पोटावरून आडव्या हाताने काढायचं, हे बहुतेक ठिकाणी बंद असतं, कारण काढताना नळीचं तोंड शेजारच्या किंवा मागच्या माणसावरून फिरतं. मांडीवर बांधायचं पण नको, चालताना लोंबकळतं. पहिल्या बोटाने बटण दाबल्यावर सुटणारी होल्स्टरं येतात ती पण खूप ट्रेनर चालवून घेत नाहीत, घाईत ते दाबणारं बोट तसंच आत वळतं आणि ट्रिगरवर जाऊन बसतं. आणि छातीवरचा पट्टा किंवा प्लेट कॅरियर (गोळी अडवणाऱ्या प्लेट घालायचं जॅकेट) हे रायफलच्या क्लासचं प्रकरण आहे, पिस्तूलच्या क्लासला ते घालून गेलात तर अडचण तुमचीच.

लिस्ट मोघम असेल तर ट्रेनरला ईमेल करा की माझ्याकडे अमुक पिस्तूल आणि अमुक होल्स्टर आहे, चालेल का.

बेल्ट

लोक होल्स्टरवर शंभर डॉलर घालतात आणि ते ऑफिसच्या फॉर्मल पँटच्या बेल्टवर लावतात. मग पिस्तूल ओढलं की होल्स्टर पण सोबत वर येतं. हिशोब करा, भरलेलं ग्लॉक १९ हे पिस्तूल साधारण ८५० ग्रॅमचं, त्यात १५ गोळ्यांची दोन भरलेली मॅगझिन्स प्रत्येकी पाव किलोच्या आसपास, म्हणजे सव्वा किलोच्या वर वजन कमरेला दिवसभर लटकणार. साधा बेल्ट त्याखाली पायजम्याच्या नाडीसारखा वळतो.

दीड इंच रुंद, आतून कडक केलेला असा बेल्ट घ्या, गन बेल्ट म्हणूनच मिळतो, चामड्याचा किंवा नायलॉनचा, साधारण ५० ते १०० डॉलर. होल्स्टरची लूप पण त्याच रुंदीची पाहिजे, पावणेदोन इंचाची लूप दीड इंची बेल्टवर पुढेमागे सरकत राहते आणि मग प्रत्येक वेळी हात वेगळ्या जागी जातो. मापासाठी पँटचा लेबलवरचा आकडा धरू नका, टेपने कंबर मोजा आणि त्या कंपनीचा साइज चार्ट बघा. पँटला लूप असलेलीच घाला, जीन्स उत्तम. लेगिंग्ज किंवा ट्रॅक पँटवर हे काही जमत नाही.

होल्स्टर

इथे वेळ घालवा, कारण नवशिक्याच्या हातून पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवतानाच घोटाळा होण्याची भीती सगळ्यात जास्त असते, टार्गेटवर झाडताना त्या मानाने कमी. मनात घाई असते, बोट ट्रिगरच्या आसपास असतं, टी-शर्टची कड किंवा जॅकेटची दोरी आत अडकते आणि तुम्ही जोर लावता.

म्हणून कायडेक्स किंवा तसल्याच कडक प्लास्टिकचं, पँटच्या बाहेरून बेल्टला लागणारं, ज्या हाताने झाडता त्या बाजूच्या कमरेवरचं होल्स्टर घ्या. घड्याळाच्या भाषेत (बेंबी म्हणजे १२) उजव्या हाताला ३ ते ४ वाजता, डावखुऱ्यांना ८ ते ९. डावखुरे असाल तर ऑर्डर देताना ते नक्की निवडा, वेबसाइटवर आपोआप उजवंच निवडलेलं असतं. पँटच्या आत, पुढे पोटापाशी घालायची पद्धत सध्या खूप चालते पण काही बिगिनर क्लास ती चालवत नाहीत, आणि चालवत असले तरी पहिल्यांदा नको, नळीचं तोंड जिकडे असतं तिकडे मांडीची मोठी रक्तवाहिनी आहे, शिवाय आपल्यापैकी ज्यांचं पोट थोडं पुढे आलंय त्यांना बसता पण येत नाही.

मॉडेल अगदी तंतोतंत जुळलं पाहिजे. ग्लॉक १९ चं होल्स्टर सिग पी३६५ ला चालत नाही, आणि पिस्तूलवर टॉर्च लावली असेल तर टॉर्चवालं वेगळं होल्स्टर लागतं, वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच) असेल तर पुढून तेवढी खाच कापलेलं. "सगळ्या पिस्तूलना बसतं" असं लिहिलेलं पातळ कापडाचं पंधरा डॉलरचं होल्स्टर दुकानातच राहू द्या. पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं, मग ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं आणि तो हात बरोबर नळीसमोर येतो.

पार्सल घरी आलं की ही तपासणी करा. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा आणि बोट घालून पण बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बघा, ट्रिगरचा सगळा भाग दोन्ही बाजूंनी झाकला जातोय का, बाहेरून दाबून पण ट्रिगरला काही लागता कामा नये. पिस्तूल आत असताना ग्रिपवर पूर्ण पंजा बसतो का, की होल्स्टर मध्ये येतं आणि काढल्यावर हात परत जुळवावा लागतो. गादीवर धरून होल्स्टर उलटं करून हलवा, पडत असेल तर स्क्रू थोडा आवळा. निघायला फारच जड जात असेल तर सैल करा. शेवटी बेल्ट घालून खाली वाका, जमिनीवरून वस्तू उचला, खुर्चीत बसून उठा.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट, कंबर आणि बरगड्यांमधलं अंतर कमी असलं की ग्रिप बरगडीत टोचते आणि पिस्तूल वर ओढायला खांदा कानापर्यंत न्यावा लागतो. त्याला उपाय म्हणजे होल्स्टर थोडं खाली आणि अंगापासून जरा बाहेर धरणारा हँगर, तो वेगळा मिळतो आणि खरंच फरक पडतो. दुकानातला माणूस छोटं पिस्तूल घ्या म्हणेल, पण छोटं पिस्तूल जास्त उसळतं आणि शिकायला अवघड जातं, त्यापेक्षा हँगर बदला.

मॅगझिन पाऊच

हे दुसऱ्या हाताच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे. गोळ्यांची टोकं पुढच्या दिशेला, म्हणजे खाली हात गेला की पहिलं बोट मॅगझिनच्या पुढच्या कडेवर आपोआप बसतं आणि त्याच बोटाने ते पिस्तूलमध्ये नेता येतं. झाकण नसलेला पाऊच घ्या, घट्टपणा कमीजास्त करता येईल असा. दोन पुरतात. एकूण मॅगझिन्स मात्र किमान तीन हवीत, पाच असली तर अजून बरं, नाहीतर बाकीचे सगळे तयार उभे आणि तुम्ही मागे बसून गोळ्या भरताय असं होतं. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे १० गोळ्यांच्या वरचं मॅगझिन चालत नाही, टेक्सासच्या मित्राकडून उसनं आणू नका.

बॅग

काळी किंवा खाकी, वेल्क्रोवर बंदुकीचे बिल्ले लावलेली टॅक्टिकल बॅग पार्किंगमध्ये चोराला स्वतःहून बोलावते. साधी जिमची किंवा टूलची बॅग घ्या, तळ मात्र मजबूत हवा. ९ एमएमची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची असते, क्लासला ३०० गोळ्या सांगितल्या असतील तर ५० चे सहा बॉक्स, म्हणजे साडेतीन किलो फक्त गोळ्या. त्या तळाशी आणि मूळ बॉक्समध्येच. इनडोअर रेंज असेल तर घ्यायच्या आधी चुंबक लावून बघा, चिकटली तर पुष्कळ रेंजवर ती गोळी चालत नाही.

पिस्तूल रिकामं, त्याच्या कडक पेटीत, पेटीला कुलूप. गाडीतून नेण्याचे नियम राज्यागणिक बदलतात, टेक्सास बरंच सैल आहे, न्यू जर्सीत पिस्तूल रिकामं आणि बंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत असावं लागतं. मी म्हणतो कुठेही असा, कडक नियमच पाळा, रिकामं, कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या, सगळं डिकीत. आणि वाटेत मुलांना रविवारच्या मराठी शाळेत सोडायचं असेल तर ती ट्रिप आधी वेगळी करा, कारण हे वर्ग बऱ्याचदा शाळेच्याच इमारतीत भरतात आणि शाळेच्या आसपास १००० फुटांपर्यंत केंद्रीय कायद्याचं वेगळं बंधन आहे. रिकामं आणि कुलूपबंद असेल तर सूट आहे, तरी ते वाद घालायला जायचंच कशाला.

वरच्या कप्प्यात कानांचे मफ्स, त्याखाली घालायला फोमचे प्लग (इनडोअर असेल तर दोन्ही एकदम घाला, आवाज भिंतींवरून परत येतो), बाजूने पण झाकणारा चष्मा, टोपी, मॅगझिन भरायचं छोटं यंत्र, कारण शंभर गोळ्यांनंतर अंगठा बोलायला लागतो. टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) असेल तर बाहेरच्या कप्प्यात, चटकन हाताला लागेल असं, आणि तो वापरायला आधी शिका.

खायचं या बॅगेत काही नको. हे मी दोनदा सांगेन. गोळ्यांमधून शिशाची धूळ निघते, ती हातावर, बॅगेवर, कपड्यांवर बसते. पोळीभाजीचा डबा, चिवडा, पाण्याची बाटली सगळं वेगळ्या पिशवीत आणि ती गाडीत. जेवायच्या आधी साबणाने गार पाण्यात हात धुवा. हँड सॅनिटायझरने शिसं जात नाही.

त्या दिवशी

कपडे बंद गळ्याचे, बूट बंद. पिस्तूलमधून उडालेलं गरम रिकामं काडतूस मोठ्या गळ्यातून आत गेलं की माणूस हातात पिस्तूल घेऊन नाचतो, आणि नेमकं तेच नको असतं. मंगळसूत्र, चेन टी-शर्टच्या आत ठेवा किंवा घरीच काढून ठेवा. टी-शर्ट होल्स्टरच्या बाजूने खोचलेला. हुडीची दोरी कापून टाका नाहीतर दुसरं काही घाला.

पार्किंगमध्ये पिस्तूल पेटीतून काढायचं नाही. रिकामं होल्स्टर आणि रिकामे पाऊच घालून आत जा, पेटी बॅगेत, आणि ट्रेनर सांगेल तेव्हा आणि सांगेल तिथेच पेटी उघडायची. रेंज कोल्ड असेल तर सांगेपर्यंत सगळ्यांची पिस्तुलं रिकामी, हॉट असेल तर भरलेली होल्स्टरमध्ये, तुमच्या क्लासला कुठलं आहे ते सुरुवातीलाच विचारा. सेफ टेबल (रिकामं पिस्तूल हाताळायला वेगळं ठेवलेलं टेबल) असेल तर त्यावर गोळीला हात लावायचा नाही, खिशात असली तरी नाही.

ड्रिल संपल्यावर पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायची कोणालाच घाई नसते. थांबा, बोट स्लाइडवर (पिस्तूलचा वरचा सरकणारा भाग) सरळ, खाली होल्स्टरकडे बघा, कापड आत नाही ना बघा, मग सावकाश. कुठेतरी अडलं तर ढकलू नका, बाहेर काढा आणि बघा. काही लोक न बघता ठेवण्यात शान समजतात, तुम्ही खुशाल बघा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत होल्स्टर टोचतंय, पाऊच फार मागे आहे असं जाणवेलच, ते तेव्हाच ट्रेनरला सांगून सरकवून घ्या, कारण पिस्तूल रिकामं करून बाजूला ठेवलेलं असतं आणि वेळ असतो. आणि दुसऱ्यांच्या कमरेवर काय आहे ते बघा, आवडलं तर नाव विचारा, लोक आनंदाने सांगतात. पुढची खरेदी त्यानंतर.

घरी आल्यावर पिस्तूल आधी सेफमध्ये. बूट दाराबाहेर किंवा गॅरेजमध्ये, रांगतं मूल असेल तर कार्पेटवर ते बूट अजिबात नकोत, कपडे वेगळे धुवायचे आणि लगेच अंघोळ.