जुनं लेव्हलिंगचं पातं दुरुस्तीला आलं की

आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो. ते वर्ष मी टेबलावर, घासूनपुसून ठेवलेल्या तुकड्यांवर टाके मारण्यात काढलं आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लागलो. पहिल्याच पावसाळ्यात टेम्पोतून जे उतरलं, त्यावर स्वच्छ म्हणावी अशी हातभर जागाही नव्हती.

ट्रॅक्टरच्या मागे लावायचं सहा फुटी लेव्हलिंगचं पातं होतं ते. गिऱ्हाईक मुरबाडकडचं. भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवरून जुनं घेतलेलं, आता त्यांना त्यावर फार्महाऊसच्या प्लॉटमधले मुरमाचे रस्ते सारखे करायचे होते. बैलांची केणी जे काम शेतात करते तेच हे. फक्त ओढ कित्येक पटींनी जास्त, त्यामुळे मोडतंही तसंच. पातं जिथे फिरतं त्या गोल प्लेटला चीर होती आणि त्या चिरेवर आधीच तीन वेळा वेल्डिंग झालेलं. एकावर एक, गांडुळांसारखे टाके.

"दादा, संध्याकाळी घेऊन जा," असं मीच बोलून बसलो. मिस्त्री काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं असं तेव्हा वाटलं, आता वाटत नाही.

त्या दिवशी मी दोन गाढवपणे केले. चिरेवर चौथा थर चढवला हा पहिला. दुसरा जास्त शिकवणारा होता. खालची धारपट्टी, म्हणजे जमीन खरवडणारी बदलायची पट्टी, बोल्टवर ढिली झाली होती. बोल्ट निघेनात, म्हणून मी ती सरळ पात्याला वेल्ड करून टाकली. रॉड 7018, म्हणजे ओल अजिबात न चालणारे, पण आठवडाभर फोडून ठेवलेल्या पुड्यातले. बाहेर ऐरोलीचा जुलैचा पाऊस. टाका दिसायला सुरेख पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चहा पिताना शेडमध्ये कोणी नसताना "टण्" असा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर टाक्याच्या कडेने सरळ केसासारखी चीर, पट्टीच्या अंगात गेलेली.

मिस्त्रींनी ग्राइंडर उचलला. आधी साध्या अँगलच्या तुकड्यावर टेकवला: लांब, पिवळ्या, सरळ ठिणग्या. मग धारपट्टीवर: ठिणग्या आखूड आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. "हे लोखंड वेगळं आहे, दिसलं का?" धारपट्टी झिजू नये म्हणून तिच्यात कार्बन जास्त असतो. असं पोलाद थंड असताना वेल्ड केलं की टाक्याशेजारचा भाग काचेसारखा कडक होतो. ओल्या रॉडमधला हायड्रोजन त्यात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी तडा जातो. करायचंच असेल तर पट्टी आधी 150 ते 200 अंशांपर्यंत तापवायची, रॉड ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यायचे आणि वेल्डिंग झाल्यावर पोत्यात किंवा राखेत झाकून हळूहळू निवू द्यायचं. मुळात धारपट्टी वेल्ड करायचीच नसते. ती बोल्टवर असते कारण ती बदलायची असते.

बोल्ट काढायला दीड दिवस गेला. सहा बोल्ट, डोकं पट्टीत बसलेलं चापट, मानेला चौकोन. चौकोन झिजून गोल झाला की नट फिरवला तर बोल्टही सोबत फिरतो. अशा वेळी डोक्यावर जुन्या सळईचा तुकडा टाका मारून चिकटवायचा. एकाने सळई धरायची, दुसऱ्याने नट. गंजलेला नट गॅसने लाल करून, जरा निवल्यावर फिरवला की सुटतो. आमचे तीन तसे सुटले, दोघांची डोकी तुटली, एक कापला.

मग मिस्त्रींनी मला व्हर्नियर, म्हणजे मिमीचेही भाग मोजणारं माप, दिला आणि मशीन बंद करून ठेवायला सांगितलं. पात्याचं टोक हाताने धरून हलवलं तर चक्क दोन बोटं हलत होतं. किंगपिन, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं ती पिन, मुळात 40 मिमीची, झिजून 39.2 झालेली. तिचं भोक एका दिशेने 41, आडव्या दिशेने 45. अंडाकृती. म्हणजे दगड लागला की अख्खं पातं आधी त्या मोकळ्या जागेत धावायचं आणि मग प्लेटवर हातोडा बसल्यासारखं आदळायचं. चीर तिथूनच येत होती. वीटभट्टीवरच्या तिन्ही वेल्डरांनी चीर भरली, भोक कोणी मोजलं नाही. चौथा मी.

अजून एक गोष्ट ट्रॅक्टरचा फोटो मागवल्यावर कळली. तीन-पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे अवजार ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या तीन सांध्यांच्या, पिना प्रामुख्याने दोन मापांत येतात. कॅटेगरी एकमध्ये खालच्या पिना 22 मिमी, दोनमध्ये 28. पातं एकचं, ट्रॅक्टरचे बॉल (पिन बसते ती भोकं) दोनचे. सहा मिमीचा खडखडाट रोजचा. त्यासाठी बाजारात तयार बुश, म्हणजे मधली जागा भरणाऱ्या नळ्या, मिळतात, दोन घातले की संपलं. मालकांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुरुस्ती शेवटी अशी केली. मातीचा, ग्रीसचा थर डिझेलने धुतला. चीर कुठे संपते हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून केरोसीन लावून पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. चिरेतलं केरोसीन झिरपून काळी रेघ उमटते. रेघेच्या टोकाला 6 मिमीचं भोक पाडलं म्हणजे ती पुढे धावत नाही. जुने चारही थर खरवडून व्ही आकाराची खाच काढली आणि मग भरलं, डीसी मशीनवर, रॉड प्लस टोकाला जोडून. अंडाकृती भोकं कापून मोठी केली, लेथवर दोन रिंगा करून घेतल्या, नवी पिन ईएन-8 ची, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाची. रिंगा एका सरळीत याव्यात म्हणून मध्ये डमी पिन घालून टाके मारतात. इथे मी पुन्हा फसलो: वेल्डिंगने रिंग आवळली आणि डमी पिन आत अडकून बसली. घणाने काढली. रिंगेच्या भोकात अर्धा मिमी जास्त सोडायचा, टाके समोरासमोर थोडे थोडे मारायचे, हे त्यानंतर कोणी सांगावं लागलं नाही.

नवी धारपट्टी तयार आणायची की कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या साध्या प्लेटमधून कापायची, यावर मालकांशी वाद झाला. तिथे प्लेट किलोवर मिळते आणि हिशेब तोंडपाठ हवा: 10 मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट 78.5 किलो. सहा फूट लांब, 150 मिमी रुंद, 12 मिमी जाड पट्टी म्हणजे साधारण 26 किलो. स्वस्त पडते, पण साधं माइल्ड स्टील मुरमात खडूसारखं झिजतं. शेवटी दोन्ही कडांना धार असलेली तयार पट्टी घेतली, एक कड झिजली की उलटून लावता येते. बोल्ट 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, आट्यांना भरपूर ग्रीस.

जिवाशी आणि मशीनशी संबंधित तीन गोष्टी घाईत विसरल्या जातात. उचललेल्या पात्याखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. लिव्हरला कोणाचा धक्का लागला की लिफ्ट खाली येते. पातं ट्रॅक्टरला जोडलेलं असताना वेल्डिंग करायचं तर बॅटरीची वायर सोडायची आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून रस्ता काढतो. आणि हायड्रॉलिक पाइपची गळती बोटाने शोधायची नाही. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडी फोडून आत जातं आणि वरून जखम मुंगी चावल्याएवढी दिसते. पुठ्ठा फिरवून बघा. लागलंच तर थेट हॉस्पिटल, दुखायची वाट बघायची नाही.

"संध्याकाळी घेऊन जा" म्हटलेलं काम आठ दिवसांनी गेलं. मी पहिल्या पगारातून व्हर्नियर घेतला.

होळीच्या आधी पातं परत आलं. माझ्या पोटात गोळा. आधी वाकून प्लेट पाहिली: चीर नाही, टोक धरून हलवलं तर हलेना. धारपट्टी मात्र एका टोकाला जास्त झिजलेली. मालक ते कायम एकाच कोनात तिरकं चालवत होते, पुढचं टोक सगळा मार खात होतं. कधीतरी उलट्या कोनात फिरवा असं सांगितलं आणि पट्टी उलटून लावायला घेतली. सहाही बोल्ट वीस मिनिटांत निघाले.