प्रवेशाच्या आकड्यांत लिंगभेद आहे का, हे कसे तपासावे

नामवंत विद्यापीठात मुली कमी दिसल्या की बहुतेक जण एकच टक्केवारी पाहून निष्कर्ष काढतात. तसे करू नका. विभागवार चार आकडे मागवा: अर्ज, लेखी परीक्षेत उत्तीर्ण, निवड आणि प्रत्यक्ष प्रवेश. प्रत्येकात मुलगे आणि मुली वेगळे हवेत. अर्जच कमी आले की आलेले अर्ज नाकारले गेले, हे त्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

मग प्रत्येक विभागाचा निवडदर काढा: निवड भागिले अर्ज, गुणिले 100. एकूण दर किती फसवतो, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील 1973 च्या पदव्युत्तर प्रवेशांत दिसते. तिथल्या सहा मोठ्या विभागांत मिळून 2691 मुलग्यांपैकी 1198 निवडले गेले, म्हणजे 44.5 टक्के, 1835 मुलींपैकी 557, म्हणजे 30.4 टक्के. उघड अन्याय वाटतो. आता प्रत्येक विभागातल्या मुलींच्या अर्जांना त्याच विभागाचा मुलग्यांचा निवडदर लावा आणि बेरीज करा. अपेक्षित निवड येते सुमारे 555, प्रत्यक्षात 557. मुलींचे बहुतांश अर्ज कमी निवडदराच्या विभागांकडे गेले होते. प्रवेश मिळायला सर्वांत सोप्या दोन विभागांत मुलग्यांचे अर्ज 1385, मुलींचे फक्त 133.

अर्ज थोडे असतील तिथे सावध राहा. बर्कलीच्या त्या सहांपैकी एका विभागात मुलींचे अर्ज 25 होते. तिथे एका मुलीच्या निवडीने दर 4 टक्क्यांनी हलतो. अशा ठिकाणी चार-पाच वर्षांचे आकडे पाहा, मात्र एकत्र करण्याआधी दरवर्षीचा दर वेगळा काढा, नाहीतर तीच फसगत पुन्हा होईल.

दर जुळले म्हणून प्रक्रिया निर्दोष ठरत नाही. मुली ज्या विषयांकडे जातात तिथे जागा अर्जांच्या मानाने कमी का, हा प्रश्न उरतोच. शिवाय गुणच बदललेले असू शकतात: टोकियो वैद्यकीय विद्यापीठाने मुलींचे प्रमाण मर्यादित ठेवण्यासाठी प्रवेशपरीक्षेच्या गुणांत फेरफार केल्याचे 2018 मध्ये उघड झाले. म्हणून मूळ गुण आणि अंतिम गुण दोन्ही मागा आणि उमेदवारनिहाय फरक काढा. सारख्याच लेखी गुणांवर मुलाखतीत मुली सातत्याने मागे पडत असतील, तर मुलाखतीचे निकष आणि गुणपत्रके आधी तपासा.

निवड होऊनही मुली प्रवेश घेत नसतील, तर परीक्षेत दोष शोधू नका. शुल्क, वसतिगृह आणि घरापासूनचे अंतर यांची विचारणा प्रवेश सोडलेल्या मुलींकडेच करा.