एमबीए करून घरच्या किराणा दुकानात परतलेल्यांसाठी

निकाल लागले की माझ्या ऑफिसात एखादा तरी मुलगा, हल्ली मुलगीही, येते. पुण्यात बीबीए नाहीतर एमबीए झालेलं असतं, नोकरी मनासारखी मिळालेली नसते किंवा वडिलांचे गुडघे धरलेले असतात. तक्रार एकच: "ताई, दुकान डिजिटल करायचंय, पण अप्पा ऐकत नाहीत." मी बार्शीत करसल्लागार आहे. किराणा, भुसार आणि कापडवाल्यांचे जीएसटीचे, इन्कमटॅक्सचे कागद सांभाळते, त्यामुळे अप्पांची बाजूही मला माहीत असते. नव्याचं वावडं या गावाला नाही. १८९७ साली अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे इथं आली, तीही त्या काळी नवीनच होती. अप्पांनाही वावडं नसतं. त्यांचा राग असतो तो दुकान न वाचता बदलायला निघालेल्या पोरावर.

म्हणून पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. कॉम्प्युटर नको, बोर्ड नको, काचेची शोकेस तर नकोच. गल्ल्यावर अप्पांनाच बसू द्या, तुम्ही माल काढून द्यायला उभे राहा. खिशात एक छोटी वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे मागतं पण आपल्याकडे नसतं ते तेवढं लिहा. कॉलेजात मार्केट रिसर्च म्हणून जे शिकवलं ते हेच, आणि इथं ते फुकट होतं. महिनाअखेर ही यादी अप्पांपुढे ठेवा. पहिल्यांदा ते तुमचं ऐकतील ते यादी बघून, प्रेझेंटेशन बघून नाही.

दुसरं काम उधारीची वही वाचायचं. चाळायची नाही, वाचायची. माझ्या एका पक्षकाराच्या दुकानात मी अशी वही पाहिली: पानाच्या डोक्यावर 'वैरागचे मामा', खाली तेल डबा १, साखर ५, चहा पाव, आणि समासात लाल शाईनं नुसतं 'तू'. दुसऱ्या पानावर 'सो', तिसऱ्यावर 'प'. मुलाला वाटलं, अप्पांची काहीतरी खूण असेल. खूणच होती. 'तू' म्हणजे तूर विकल्यावर, 'सो' म्हणजे सोयाबीनचे पैसे आल्यावर, 'प' म्हणजे पगार झाल्यावर. कोण कधी देणार याचा अख्खा तक्ता तिथं एकेका अक्षरात होता.

त्याच मुलानं आधी उधारीचं ॲप घेतलं होतं. ॲपमध्ये सगळ्यांना सरसकट तीस दिवसांची मुदत टाकली. तूरवाल्या गिऱ्हाइकाला ऐन दिवाळीत 'आपली बाकी त्वरित भरा' असा मेसेज गेला. त्यानं तिसऱ्या दिवशी येऊन सगळी बाकी एकरकमी फेडली आणि पुढचा किराणा समोरच्या दुकानातून भरला. वसुली शंभर टक्के, गिऱ्हाईक गायब. तेव्हा ॲप जरूर घ्या, पण मुदतीची तारीख वहीच्या समासातून टाका: तूरवाल्याला फेब्रुवारीअखेर, सोयाबीनवाल्याला नोव्हेंबर, पगारवाल्याला महिन्याची सात तारीख. आपोआप जाणारे मेसेज बंद ठेवा. कुणाला फोन करायचा ते अप्पाच ठरवतील, आणि फोनही त्यांनीच केलेला बरा.

आता क्यूआर कोड. तो बहुतेक दुकानांत आलेलाच आहे, पण कुणाच्या खात्याचा आहे ते आधी बघा. निम्म्या दुकानांत तो मुलाच्या बचत खात्याचा निघतो, कारण लावला त्या दिवशी तेवढंच हाताशी होतं. हे आजच बदला. दुकानाच्या नावाचं चालू खातं काढा आणि क्यूआर त्यालाच जोडा. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा माझे फोन दोन दिवस थांबले नव्हते. मालाच्या व्यापारात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की आपल्याकडे नोंदणी लागते. सुटी ज्वारी, सुटी डाळ यांवर कर नाही, पण साबण-बिस्किटंही विकत असाल तर ४० लाख मोजताना ज्वारी-डाळीची विक्रीही धरतात. घरखर्च, मित्राची उसनवार आणि दुकानाची विक्री एकाच खात्यात आली, तर कुठला रुपया कसला हे सिद्ध करायचं तुमच्या गळ्यात पडतं.

"ऑनलाइन घेतलं की सरकारला कळतं" ही अप्पांची भीती खोटी नाही, तिला हसू नका. त्यांना आकडा दाखवा. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना अंदाजित नफ्यावर इन्कमटॅक्स भरता येतो. त्यात रोखीच्या विक्रीवर नफा किमान ८ टक्के धरतात, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशांवर ६ टक्के. ५० लाखांची विक्री पूर्ण रोखीत असेल तर नफा ४ लाख धरला जाईल, पूर्ण यूपीआयनं असेल तर ३ लाख. हे गणित मी कागदावर मांडलं की भलेभले शेठ चष्मा लावून पुन्हा बघतात. जीएसटीत दीड कोटींपर्यंत कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्क्यानं कर भरायची योजना, घेता येतं, व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का. मात्र त्यात गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. घ्यायचं की नाही ते तुमचं गिऱ्हाईक कोण यावर ठरतं. हॉटेलवाले, छोटे दुकानदार कराचं बिल मागत असतील तर घेऊ नका.

यूपीआयनं पैसे आले की बोलून सांगणारा आवाजाचा डबा मात्र लगेच घ्या. बाजाराच्या दिवशी काउंटरवर दहा माणसं असताना अप्पा फोनचा स्क्रीन बघत बसणार नाहीत, पण "एकशे चाळीस रुपये प्राप्त" हे कानावर पडलं की हात आपसूक पिशवी पुढे करतो.

बिलिंगचं सॉफ्टवेअर १ एप्रिलला सुरू करा, दिवाळीत नको. वहीपूजन पाडव्याला होऊ द्या, ते अप्पांचं वर्ष. करखात्याचं वर्ष एप्रिलचं. ३१ मार्चच्या रात्री शटर ओढून माल मोजायचा, सकाळपासून नोंदी. बारकोडची पाकिटं आधी घाला. सुटा माल पहिल्या तिमाहीत आणूच नका, कारण पोत्यात लिहिलेलं वजन आणि तराजूवर उतरलेलं वजन यात तूट असते, ती सॉफ्टवेअरला समजत नाही आणि रोज संध्याकाळी बाप-लेकात वाद होतात. तोवर वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवा. काम दुप्पट होतं, मान्य. पण दोन्हीकडचा आकडा महिनाभर जुळला की वही कोण बंद करतं ते बघा. माझ्या अनुभवात अप्पाच करतात.

एमबीएचा खरा उपयोग होतो तो माल किती वेळा फिरतो हे बघायला. साखरेत शेकडा दोनच सुटतात म्हणून नाक मुरडू नका. पंधरा दिवसांत माल संपत असेल तर तीच रक्कम वर्षात २४ वेळा फिरते, म्हणजे शंभरावर ४८ रुपये. महागड्या फेसवॉशवर शेकडा पंधरा सुटतात, पण वर्षातून दोनदाच फिरला तर तीस. शिवाय साखरेसाठी आलेलं गिऱ्हाईक चहा घेतं, तेल घेतं. फेसवॉशवाली मुलगी फक्त फेसवॉश घेऊन जाते. हा हिशेब पहिल्या पन्नास वस्तूंचा करा आणि काय कमी करायचं ते अप्पांना विचारून ठरवा. एखादी न फिरणारी वस्तू ते हट्टानं ठेवतील. कारण विचारा, बहुतेक वेळा त्या एका वस्तूसाठी एखादं मोठं घर महिन्याचा सगळा किराणा आपल्याकडे भरत असतं.

दुकानातल्या गड्याला विसरू नका. स्कॅनर पहिल्यांदा त्याच्या हातात द्या. मालाची जागा त्याला पाठ असते, आणि यंत्र आपल्या पोटावर येणार असं त्याला वाटलं तर ते यंत्र आठवड्यातून दोनदा बिघडतं.

शेवटी, ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम दुकानाच्या फोनमध्ये ठेवा आणि तो फोन गल्ल्यातच राहू द्या. बँकेचा, जीएसटीचा पासवर्ड अप्पांना माहीत असला पाहिजे. नाहीतर तुम्ही लातूरला लग्नात असाल, रिटर्नची शेवटची तारीख असेल, आणि मी इथून तुम्हाला फोनवर फोन करत बसेन.