सासूबाईंची अर्धी राहिलेली गोधडी

ट्रंकेत सासूबाईंची अर्धवट गोधडी होती. कडेच्या काही ओळी घातलेल्या, मधला भाग मोकळा. ती पुरी करून नणंदेला द्यायचं ठरवलं.

आधी धुऊन घे, असं घरात सगळ्यांचं मत. मी नाही धुतली. टाके नसलेल्या जागी आतली जुनी धोतरं पाण्यात गोळा होतात, मग सगळं उसवावंच लागतं. नुसती दोन्ही बाजूंनी कडक ऊन दिलं.

गोधडी कडेकडून आत शिवत जातात, त्यामुळे जास्तीचं कापड सरकत मध्यभागी फुगतं. म्हणून फरशीवर अंथरून कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, हाताला लागेल ते जड ठेवलं. मधून बाहेर हात फिरवत लांबलांब कच्चे टाके घातले. कंटाळवाणं काम, पण खरी दुरुस्ती हीच. नंतरचा धावदोरा टीव्ही बघतसुद्धा होतो.

जुना दोरा ओढला की तुटत होता. तरी त्या ओळी उसवल्या नाहीत, शेजारून नव्या घातल्या. त्यांचे वाकडे टाके नणंदेला ओळखू येतील की! दोरा सुतीच घ्या, मेणावरून ओढून. पॉलिस्टरचा चिवट दोरा ताण आला की विरलेलं लुगडंच कापतो.

ठिगळाला जुनी सुती साडी उत्तम. नवं कापड असेल तर आधी गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून भोवती चुण्या पडतात.

नणंदेला बजावलंय: मशीनमध्ये घालायची नाही, पिळायची नाही, दोन दोऱ्यांवर पसरून वाळवायची.