औषध बदललं, पण रिसेप्टर तोच! द्राक्षबागेतल्या या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडच्या कृषी सेवा केंद्रात एक तक्रार हमखास कानावर येते: "तीन औषधं मारली, तुडतुडे हटत नाहीत." बाटल्या पाहाव्यात तर इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड. नावं तीन, कंपन्या तीन, पण तिन्ही किडीच्या मज्जासंस्थेत एकाच रिसेप्टरवर, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतात. म्हणजे औषध बदललेलंच नाही.

हा रिसेप्टर ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचा. एका चेतापेशीने सोडलेलं ॲसिटिलकोलीन पुढच्या पेशीवरच्या या प्रथिनाला चिकटलं, की त्याच्या पाच घटकांमधली वाट उघडते, सोडियम आत शिरतं आणि संदेश पुढे जातो. मग ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलीन तोडतं आणि वाट मिटते. इमिडाक्लोप्रिड नेमकं त्याच जागी चिकटतं, पण विकराला ते तोडता येत नाही. कीड थरथरते, लुळी पडते, मरते. ज्यांच्या रिसेप्टरची घडण जराशी वेगळी असते किंवा ज्या औषध लवकर पचवतात, त्या मात्र तगतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. अशा वेळी डोस वाढवला तर चिवट किडींनाच रान मोकळं. (पानाच्या खालच्या बाजूला फवारा पोचतोय का, हे आधी बघा. कित्येकदा दोष तिथेच असतो.)

बदलायचा तो गट, म्हणजे औषध किडीवर कसं काम करतं त्यानुसार दिलेला क्रमांक. ही तिन्ही औषधं ४ए गटातली. फिप्रोनिल गाबा या दुसऱ्या संदेशवाहकाच्या रिसेप्टरची क्लोराइडची वाट अडवतं. इमामेक्टिन बेंझोएट मुख्यतः ग्लुटामेट या आणखी एका संदेशवाहकाची क्लोराइड वाट उघडी ठेवतं. स्पिनोसॅडची गंमत वेगळीच: रिसेप्टर ॲसिटिलकोलीनचाच, पण चिकटण्याची जागा निराळी, म्हणून गट ५. अर्थात निवड कीड कोणती, द्राक्षावर लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची मंजुरी) आहे का आणि काढणीला किती दिवस उरलेत, हे बघूनच. बाटलीवरच्या त्रिकोणाच्या रंगावरून गट कळत नाही, तो फक्त विषारीपणा सांगतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक फवारणाऱ्या माणसाच्या बाबतीत होते. ऑर्गनोफॉस्फेट या वेगळ्या गटातलं औषध ॲसिटिलकोलीन तोडणारं ते विकरच निकामी करतं. मग आपलंच ॲसिटिलकोलीन साचतं: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप. ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर दोन प्रकारचे, मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक. दवाखान्यात दिलेलं ॲट्रोपिन मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतं, त्यामुळे लाळ-कफ आटोक्यात येतो. स्नायूंचे रिसेप्टर निकोटिनिक, तिथली अशक्तता त्याने जात नाही. म्हणून "घाम थांबला, घरी नेतो" म्हणू नका. दूध पाजणं, उलटी काढणं नको. हातमोजे घालून कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, लगेच दवाखाना गाठा आणि औषधाचं लेबल सोबत न्या: इमिडाक्लोप्रिडच्या विषबाधेचे उपचार वेगळे असतात.