एका कायद्याची आवर्तनं: तबल्याचा रियाज मोजून कसा करावा

तबला शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून एकच वाक्य ऐकू येतं: घासा. रोज घासा, तासन्‌तास घासा. सांगणं खरं आहे, पण अर्धंच. हाताला चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही. जे पुन्हा पुन्हा कराल ते तो धरून ठेवतो. ‘तिट’मधला ‘ट’ दोनशे वेळा दबका वाजला, तर दोनशे वेळा दबक्या ‘ट’चाच रियाज झालेला असतो, आणि तो मोडायला पुढे कित्येक आठवडे जातात. म्हणून किती वेळ बसलो यापेक्षा किती आवर्तनं, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या, स्वच्छ गेली हे मोजायला हवं. ते कसं करायचं, हे दिल्ली बाजाच्या, म्हणजे दिल्लीच्या वादनशैलीच्या, एका कायद्यावरून (बोलांच्या ठरावीक रचनेवरून) पाहू. हा कायदा बहुतेक सगळ्यांना सुरुवातीलाच मिळतो:

धाधा तिट धाधा तिंना
ताता तिट धाधा धिंना

एकूण बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं, 16. ठाय लयीत, म्हणजे मात्रेला (तालाच्या एका ठोक्याला) एक बोल धरला, तर 16 मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन भरतं. दुगुनीत, म्हणजे मात्रेला दोन बोल घेऊन, तोच कायदा 8 मात्रांत बसतो आणि आवर्तनात दोनदा येतो, चौगुनीत चारदा. हा साधा हिशोब आधी पक्का करा, कारण पुढची सगळी मोजणी त्यावरच चालते.

हात लावण्याआधी

कायदा आधी तोंडाने म्हणायचा. पढंत ही वेळ घालवण्याची गोष्ट नाही. जो बोल जिभेवर अडखळतो, तो बोटांवरही अडखळतोच. एका हाताने टाळी द्या: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. ठायमध्ये 4 आवर्तनं, मग टाळीची लय तीच ठेवून दुगुनीत 4, मग चौगुनीत 4. चौगुनीत जाताना टाळी धावू लागली, तर तबल्यावर लय नक्कीच धावेल. तेव्हा ती इथेच आवरा.

म्हणताना ‘तिंना’ आणि ‘धिंना’ मुद्दाम वेगळे ऐकू येऊ द्या. पहिल्या ओळीचा शेवट तिंना, दुसरीचा धिंना. नवशिक्याचा कायदा सगळ्यात जास्त वेळा इथेच घसरतो. तोंडाला ‘धाधा’च्या मागे ‘धिंना’ म्हणायची सवय लागते आणि खाली येण्याआधीच डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) वाजून जातो.

बोटं आणि आवाज

‘ना’ आणि ‘ता’ तर्जनीने चाटेवर (कडेच्या पट्टीवर), अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली. ‘तिं’ला तर्जनी लवेवर, म्हणजे चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावर येते, अनामिका तिथेच. ‘तिट’ शाईवर: ‘ति’ मधल्या बोटाने, ‘ट’ तर्जनीने. काही घराण्यांत ‘ति’ला मधलं बोट आणि अनामिका जोडीने पडतात. तुमच्या गुरूंनी जी ठेवण दिली असेल तीच धरा, पण एकदा ही आणि एकदा ती असं करू नका. दोन ठेवणी आलटून पालटून वाजवल्या तर एकही बसत नाही, आणि लय वाढली की हात ऐनवेळी कोणती निवडायची यातच अडकतो.

‘धा’ म्हणजे चाटेवरचा ‘ना’ आणि डग्ग्यावरचा ‘घे’ एकाच क्षणी. डग्गा किंचित मागे पडला तर ‘धा’ फाटलेला ऐकू येतो. वाजवणाऱ्याला तो कळत नाही, समोर बसलेल्याला लगेच कळतो. म्हणून फोन दोन-तीन हातांवर ठेवून रोज एक मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि त्याच बैठकीत ऐका. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर हाताला काय झालं होतं ते आठवत नाही.

तबला सुरात लावूनच बसा. रियाजच आहे, चालेल, असं म्हणून उतरलेल्या तबल्यावर वाजवलं की कानही उतरलेल्या सुराला सरावतो. पावसाळ्यात दमट हवेने पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडते आणि स्वर रोज थोडा खाली येतो. तेव्हा बसण्याआधी पाच मिनिटं हातोडीसाठी राखून ठेवा. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची अडचण असेल तर पुडीवर पातळ रुमाल टाकतात. ‘तिट’च्या बोटांसाठी ते चालतं. ‘ना’ आणि ‘धा’साठी चालत नाही, कारण आस (बोलानंतर घुमत राहणारा नाद) दबते आणि बोट उचलण्याची योग्य वेळच कळत नाही.

लय कुठून सुरू करावी

कसोटी सोपी आहे. वाजवता वाजवता तोंडाने बोल मोठ्याने म्हणता आले पाहिजेत आणि दोन्ही एकमेकांवर बसले पाहिजेत. ज्या लयीत हे जमतं, तिच्याहून थोडं खाली सुरू करा. बहुतेकांना मिनिटाला 60 मात्रांवर दुगुन ही चांगली सुरुवात ठरते. लेहरा, म्हणजे दर आवर्तनात फिरून येणारी सुरावट, लावा. लेहरा नसेल तर मेट्रोनोम चालेल, पण मेट्रोनोमला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) नसते. सम कुठे आहे हे तुम्हालाच धरून ठेवावं लागतं, आणि लेहऱ्याची सुरावट ते काम आपोआप करते.

आता मोजणी. 60 च्या लयीत तीनतालाचं आवर्तन 16 सेकंदांचं. दुगुनीत 8 आवर्तनं वाजवा, म्हणजे कायदा 16 वेळा होतो. मग एक आवर्तन हात पूर्ण सोडा. त्या 16 सेकंदांत टाळी देत एकदा पढंत करा आणि शेजारच्या वाटीतला एक चिंचोका बाजूला सरकवा. एक चिंचोका म्हणजे 2 मिनिटं 24 सेकंद. पाच चिंचोके झाले की 12 मिनिटांत कायदा 80 वेळा झालेला असतो.

एकच अट आहे: आठ आवर्तनांत चूक झाली तर चिंचोका सरकवायचा नाही. यामुळे सुरुवातीला मोजदाद हळू पुढे सरकते. तशीच सरकू द्या. चिंचोके सरकतच नसतील तर लय 8 ने खाली आणा. ते अपयश नव्हे, लय चुकीची निवडली होती एवढंच.

मधलं मोकळं आवर्तन गाळू नका. सलग वाजवताना पंजा आणि मनगट नकळत आवळत जातात आणि आवाज कोरडा होत जातो. 16 सेकंद हात मांडीवर पडला की हे ध्यानात येतं. कोपरापासून मनगटापर्यंत ओढ जाणवली तर त्या दिवसाचा त्या लयीचा रियाज तिथेच थांबवा. दुखत असताना केलेल्या आवर्तनांत हात दुखणं चुकवण्याची वाकडी ठेवण शिकतो, आणि तीच पुढे टिकते.

चूक झाली की काय करावं

चूक झाली की बहुतेक जण पहिल्या ‘धा’पासून पुन्हा सुरू करतात. मग कायद्याची सुरुवात पाचशे वेळा वाजते आणि अवघड जागा पन्नास वेळा. पाढे म्हणणारी मुलंही हेच करतात: एकोणतीसचा पाढा सातापाशी अडला की पुन्हा ‘एकोणतीस एके’पासून. चूक सहसा बोलात नसते, दोन बोलांच्या सांध्यात असते. म्हणून सांधा सुटा काढा. ‘तिंना’वरून ‘ताता’वर येताना डग्गा वाजत राहत असेल, तर एवढंच घ्या:

धाधा तिंना ताता तिट

हे आठ बोल दुगुनीत 4 मात्रांचे, म्हणजे आवर्तनात चार वेळा बसतात. चार आवर्तनांत सोळा वेळा झाले. मग लगेच पूर्ण कायद्यात परत जा. सुटा तुकडा नीट जमला म्हणून कायदा जमला असं होत नाही. तो मागच्या-पुढच्या बोलांत बसवावाच लागतो.

या कायद्यातल्या नेहमीच्या तीन चुका अशा. ‘ट’ दबतो, कारण तर्जनी ‘ना’साठी चाटेकडे ओढलेली राहते आणि शाईवर उशिरा पोचते. उपाय: ‘धाति टधा’ एवढाच सांधा, 50 च्या लयीत. दुसरी चूक खालीतली. ‘ताता तिट’मध्ये डग्ग्याचा हात मोकळा असला पाहिजे, पण सवयीने बोट पडतंच. उपाय म्हणून दोन आवर्तनं डावा हात डग्ग्यावरून उचलून मांडीवर ठेवा आणि ‘धाधा धिंना’ आलं की परत आणा. हाताला जाणं-येणं दिसलं की ते पटकन बसतं. तिसरी चूक लय वाढण्याची. ती अवघड ‘तिट’वर होत नाही, सोप्या ‘धाधा’वर होते. अवघड गेलं म्हणून हात सुटतो आणि पळतो. तिथे प्रत्येक ‘धा’ची आस पूर्ण ऐकून मगच पुढचा घ्या.

पलटे: तीच गोष्ट, थोडी बदलून

आपल्या परंपरेने पुनरावृत्तीतला कंटाळा आणि आंधळेपणा फार पूर्वी ओळखला होता. कायद्याची रचनाच तशी आहे. त्यातलेच बोल घेऊन क्रम बदलायचा, बाहेरचा बोल घ्यायचा नाही, भरी (डग्ग्यासह) आणि खाली (डग्ग्याविना) सांभाळायची. दुगुनीत एक पूर्ण आवर्तन भरणारा पहिला पलटा:

धाधातिट धाधातिट धाधातिट धाधातिंना
तातातिट तातातिट धाधातिट धाधाधिंना

दुसरा:

धाधातिट तिटतिट धाधातिट धाधातिंना
तातातिट तिटतिट धाधातिट धाधाधिंना

तिसरा:

धातिटधा तिटधाधा धाधातिट धाधातिंना
तातिटता तिटताता धाधातिट धाधाधिंना

तिसऱ्यात खरा कस लागतो. ‘धातिटधा’मध्ये ‘ट’ नंतर लगेच ‘धा’ येतो, म्हणजे तर्जनी शाईवरून थेट चाटेवर. मूळ कायद्यात ‘ट’ ढिला राहिला असेल तर तो इथे झाकता येत नाही.

पहिल्या आठवड्यात एकेक पलटा वेगळा घासा, प्रत्येकी दोन चिंचोके. दुसऱ्या आठवड्यापासून मिसळा: मूळ कायदा एक आवर्तन, मग कोणताही पलटा एक आवर्तन, क्रम दर वेळी वेगळा. मिसळल्यावर वाजवणं अचानक बिघडल्यासारखं वाटतं. घाबरू नका. 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. हातात टेनिसचा चेंडू धरून लाकडी फळकुटं ठरावीक क्रमाने पाडायची, असे तीन क्रम. एकेक क्रम सलग घोटणारे सरावात पुढे होते, पण दहा दिवसांनी तपासलं तेव्हा क्रम मिसळून सराव केलेल्यांनी जास्त टिकवलं होतं. सरावाच्या वेळी सोपं जातंय, यावरून ते टिकेल असं मानू नये.

ठेकाही घासायचा असतो

विद्यार्थी कायद्यांवर तास घालवतात आणि ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, येतोच म्हणून सोडून देतात. साथीला बसल्यावर मात्र वाजवायचा असतो तो ठेकाच, एका बैठकीत शेकडो वेळा. रोज निदान 5 मिनिटं नुसता तीनताल वाजवा. लक्ष एकाच जागी: नववी मात्रा हाताने खाली दाखवतो, पण तिथे ‘धा’ आहे, डग्गा वाजतो. डग्गा बंद असतो तो दहा ते तेरा या मात्रांत, ‘तिं तिं ता’ आणि ‘ता’वर. चौदाव्या ‘धिं’ला तो परत येतो. हे येणं दर आवर्तनात सारख्याच वजनाचं हवं. गायक समेवर यायला निघतो तो या चौदाव्या मात्रेचा कानोसा घेऊन.

एका बैठकीचा आराखडा

पाऊण तास असेल तर: सूर लावणं 5 मिनिटं, पढंत 4, ठेका 5, मूळ कायदा पाच चिंचोके म्हणजे 12, सांधे 6, पलटे 8. उरलेल्या पाच मिनिटांत आजच्या लयीपेक्षा 10 ने खाली येऊन कायदा सावकाश वाजवा आणि उठा. धावत्या, थकलेल्या लयीवर बैठक संपवू नये.

लय वाढवायची ती सलग तीन दिवस पाचही चिंचोके सरकले तरच, आणि एका वेळी 4 ने. 60 वरून 80 वर जायला अशी पाच पावलं लागतात, म्हणजे निदान पंधरा दिवस. मधे एखादा दिवस मागे जावं लागतं, ते धरून तीन आठवडे. परीक्षा जवळ आली की हे पंधरा दिवस तीन दिवसांत आटपायचा मोह होतो. तसं केलेला कायदा परीक्षेच्या खोलीत, परक्या तबल्यावर हमखास फुटतो.

चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस एकच गोष्ट घेऊन बसणं, ही परंपरा मोठी आहे. पण नोकरी किंवा शाळा सांभाळून पाऊण तास बसणाऱ्याने तिची नक्कल एका रविवारी सहा तास बसून करू नये. सात दिवस पाऊण पाऊण तास केलेलं एका दिवसाच्या सहा तासांपेक्षा जास्त बसतं, कारण दोन बैठकांच्या मधे झोप होते आणि हात शिकलेलं मुरतं.

पुढचा कायदा कधी घ्यावा? मिनिटाला 80 च्या लयीत चौगुनीत हा कायदा आणि तिन्ही पलटे, क्रम कोणीतरी आयत्या वेळी सांगितलेला, आठ आवर्तनं न चुकता गेले की घ्या. नवा घेतल्यावर जुना सोडू नका. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड एक चिंचोका, मग आठवड्यातून दोनदा, मग पंधरा दिवसांतून एकदा. पंधरा दिवसांनी वाजवताना अडखळलात तर पुन्हा दोन दिवस पढंतीपासून सुरू करा. लय 60, दुगुन.